जूनचं पान कोणी उलटलं?

मित्रांनो, मी एक जुनी दिनदर्शिका आहे. कुठं टांगलेली आहे ते कळलं की तुम्ही नाक मुरडणार, म्हणून आधीच सांगून मोकळी होते. मी संडासात टांगलेली आहे. हसा, पोटभर हसून घ्या! पण आमच्या ग्रोनिंगन गावात, गावात कशाला, या सबंध देशात घरोघरी माझ्या जातीची जागा हीच. आणि ती मानाची आहे बरं का. दिवसातून एकदा तरी घरातला प्रत्येक माणूस निवांत कुठं बसतो, सांगा पाहू? आणि तिथं बसल्यावर समोर बघायला दुसरं असतं काय? मीच असते.

मी वाढदिवसांची दिनदर्शिका आहे. माझ्यात वार नाहीत, साल नाही. नुसत्या तारखा आहेत आणि प्रत्येक तारखेपुढं एक रेघ आहे. त्या रेघेवर नाव लिहायचं. त्यामुळं एकतीस डिसेंबर उलटला म्हणून मला कोणी रद्दीत टाकत नाही. मी पुन्हा जानेवारीपासून सुरू होते.

मला आलिदानं बनवलं. आलिदा चित्रकला शिकायला आली होती आणि कमालीची विसरभोळी होती. कॉलेजजवळच्या कालव्याकाठी हे अरुंद, उभं घर आहे. चार खोल्या, एक स्वयंपाकघर आणि जिन्याखाली मी. आलिदा इथं राहायला आली तेव्हा महिनाभर तिला बाकी तिघांची नावंसुद्धा नीट आठवेनात. शेवटी एका छापखान्यातून उरलेले जाड कागद तिनं मागून आणले, लाकडात बारा पक्षी कोरले आणि महिन्याला एक पक्षी असं मला छापलं. जानेवारीला बगळा, जूनला पाकोळी, सप्टेंबरला टिटवी, नोव्हेंबरला रानबदकांचा थवा. माझी शाई वाळायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस मी स्वयंपाकघरातल्या दोरीवर ओल्या पायमोज्यांशेजारी लटकत होते. माझं बालपण म्हणाल तर ते एवढंच.

मग तिनं मला खिळ्याला अडकवलं आणि माझ्या पाठीवर तीन नियम लिहिले. नाव शाईनं लिहायचं. माणूस घर सोडून गेला तरी नाव खोडायचं नाही. आणि एक तारखेला पान उलटायचं, आळस करायचा नाही.

पस्तीस वर्षं झाली त्याला. माझ्यात साठेक नावं जमली आहेत. त्यातले कोणी डॉक्टर झाले, कोणी जहाजावर गेले, कोणी कुठं गेले ते मला ठाऊक नाही. पण आमच्याकडचा वाढदिवस मोठा गमतीचा असतो. तो एकट्याचा नसतोच. ज्याचा असेल त्याला शुभेच्छा देतातच, पण त्याच्या आईला, त्याच्या सोबत्यांना, कोपऱ्यात बसलेल्या पाहुण्यालासुद्धा हात मिळवून 'अभिनंदन!' म्हणतात. तुझ्या मित्राचा वाढदिवस ना, मग तुझंही अभिनंदन. सगळ्या खोलीत हात फिरतात आणि मग केक कापतात. माझ्या आणि बैठकीच्या खोलीच्या मध्ये पातळ फळ्यांची भिंत आहे, त्यामुळं मी हे सगळं बसल्या जागी ऐकत आले. माझं नाव कोणी घेत नसे, पण आठवण मीच दिलेली असायची आणि मला ते पुरत असे.

गेल्या वर्षापर्यंत घरात चौघं होती. रूलिन सगळ्यांत मोठी, डॉक्टरकी शिकणारी, हातात कायम यादी. भांडी कोणाची, झाडू कोणाचा, सगळं तिच्या यादीत. डाऊवे शेतकऱ्याचा पोरगा, आडदांड, हसला की माझा खिळा हलायचा. सित्स्के तिसरी, इतकी अबोल की ती घरात आहे की नाही ते मला तिच्या चपलांवरून कळे. आणि चौथा हिद्दे. पान उलटायचं काम हिद्देचं. एक तारखेला सकाळी तो यायचा, पान उलटायचा आणि त्या महिन्यातली नावं मोठ्यानं वाचायचा, जुन्यांचीसुद्धा. "या महिन्याच्या चार तारखेला खेर्त नावाचे कोणी गृहस्थ जन्मले होते. शाब्बास खेर्त!" असं म्हणायचा. मला फार आवडायचं ते.

हिद्दे आणि डाऊवे म्हणजे एका ताटात जेवणारे. पण जूनमध्ये काय झालं ते ऐका. हिद्देची एक महत्त्वाची परीक्षा होती आणि त्याची झोप कुंभकर्णाची. "डाऊवे, मला साडेसातला उठव, विसरू नकोस," असं तो बजावून झोपला. "अरे, बादलीभर पाणी ओतून उठवीन!" डाऊवे म्हणाला. आणि विसरला. हिद्दे जागा झाला तेव्हा अकरा वाजून गेले होते. वर्ष बुडालं. त्या दिवशी भिंतीपलीकडं जे शब्द निघाले ते मी इथं सांगणार नाही. आठवड्यात हिद्देनं सामान बांधलं. जाताना तो माझ्याकडं आला, थोडा वेळ उभा राहिला आणि मला हात न लावताच निघून गेला.

तेव्हापासून मी जूनमध्ये राहिले.

मित्रांनो, एकाच महिन्यात अडकून राहणं कसं असतं ते सांगू? माझ्या डोक्यावरच्या छोट्या खिडकीतून प्रकाश यायचा, तो हळूहळू पिवळा होत गेला. कालव्याकाठच्या लिंबोणीसारख्या वासाच्या झाडांची पानं खिडकीच्या काचेला येऊन चिकटू लागली. पण माझ्यात पाकोळीच. मी अर्धवट झोपेत असल्यासारखी असे. मला दिसे की साठही नावं रेघांवरून खाली उतरली आहेत आणि स्वयंपाकघरात ओल्या मोज्यांखालच्या टेबलाशी दाटीवाटीनं बसली आहेत. आलिदा प्रत्येकाला विचारते आहे, "तुझं नाव काय म्हणालास?" कोणी रागावत नाही. सगळे पुन्हा पुन्हा नाव सांगतात. मग कोणी तरी पाणी सोडे आणि मी दचकून जागी होई.

ऑगस्टमध्ये सित्स्केचा वाढदिवस आला आणि गेला. त्या दिवशी ती माझ्यासमोर बराच वेळ बसली. पान उलटलं असतं तर तिचं नाव समोर आलं असतं. पण आपलंच नाव आपण कसं उलटून दाखवायचं? ती नाक पुसून बाहेर गेली. मी कागदाची, मी काय करणार!

आता हिद्देची खोली रिकामी होती. आमच्याकडं सोबती कोण हे घरमालक ठरवत नाही, घरातली मुलंच ठरवतात. खोली हवी असलेल्यांना एका दिवशी एकदम बोलावतात, गोल करून बसवतात, चहा पाजतात आणि नाही नाही ते प्रश्न विचारतात. मग संध्याकाळी मतं घेऊन एकाला फोन करतात. उरलेल्यांना नकार. गावात कॉलेजची पोरं हजारो आणि खोल्या मोजक्या, त्यामुळं पोरं बिचारी घरामागून घर अशी परीक्षा देत फिरतात. आमच्या तिघांनी दोनदा असा दरबार भरवला आणि दोन्ही वेळा एकालाही पसंत केलं नाही. "हिद्देसारखं कोणी नव्हतं," डाऊवे म्हणायचा. "हिद्दे तुला नको होता म्हणून तर गेला ना?" रूलिन म्हणायची.

सप्टेंबरच्या चौदा तारखेला, रविवारी दुपारी, तिसरा दरबार भरला. नऊजण आले होते आणि त्यातले बरेचसे आधी माझ्याकडं येऊन गेले. एकानं आरशात तीन प्रकारचं हसून पाहिलं आणि दुसरं हसू नक्की केलं. एकीनं "मला स्वच्छता आवडते, पण मी मोकळ्या स्वभावाची आहे," हे वाक्य सात वेळा घोकलं. एक सफरचंदाचा केक घेऊन आलेला मुलगा माझ्यासमोर उभं राहून देवाचं नाव घेऊन गेला. माझ्याकडं कोणीही पाहिलं नाही.

शेवटी आली वीके. समुद्रातल्या बेटावरची मुलगी, अंगात वाऱ्यानं विटलेला निळा कोट. ती आली ती फोन कानाला लावूनच.

"बाबा, हळू बोलते, मी आत आहे... हो, संडासात, आणि कुठं? हे बारावं घर, बाबा." मग ती थोडा वेळ ऐकत राहिली. "नाही हो, लोक बरे वाटतात. एक दांडगा आहे, तो विचारत होता की तू जनावर असतीस तर कोणतं. मी म्हटलं खेचर. सगळे हसले, पण बरं हसले की वाईट ते कळलं नाही." पुन्हा तिनं ऐकून घेतलं. "ते माहीत आहे मला. अजून दोन सकाळचे तास बुडले की कॉलेजातून नाव काढणार आहेत. पहिल्या बोटीनं निघूनसुद्धा मी अर्धा तास उशिरा पोचते, त्याला मी काय करू? इथं नाही झालं तर येते परत. पुढच्या वर्षी बघू... नाही, रडत नाहीये."

रडत होती. तिनं फोन खिशात टाकला, तोंड धुतलं, आणि मग तिची नजर माझ्यावर गेली.

"अगंबाई! जून?" ती म्हणाली.

आणि तिनं हात वर केला. मित्रांनो, तीन महिन्यांनी मला माणसाचा हात लागला. जुलै गेला, ऑगस्ट गेला, पानं एकमेकांना चिकटली होती ती तिनं फुंकर घालून सोडवली, आणि टिटवी वर आली. तिनं बोट फिरवत चौदा तारीख शोधली. तिथं लाल शाईत, चांदणी काढून, ठसठशीत लिहिलेलं होतं: हिद्दे.

"म्हणजे आज? आणि कोणी बोललं पण नाही!" तिनं स्वतःशीच म्हटलं.

तिची चूक नव्हती हो. बाहेर दारावरच्या घंटीखाली अजून चार नावं होती, हिद्देचं कोणी काढलंच नव्हतं. तिला वाटलं, चौथा सोबती केक आणायला गेला असेल आणि आल्यावर सगळे ओरडणार असतील. आमच्या मुलखात वाढदिवसाच्या घरी जाऊन हात न मिळवणं म्हणजे केवढा उद्धटपणा! ती केस सारखे करून बाहेर गेली. मला सगळं ऐकू येत होतं आणि तोंड असतं तर मी किंचाळले असते.

"अभिनंदन!" तिचा आवाज आला. "हिद्देच्या वाढदिवसाचं अभिनंदन!" तिनं आधी रूलिनचा हात धरला, मग सित्स्केचा, मग डाऊवेचा. आणि खोलीतले ते आठजण! खोलीसाठी जीव टाकणारी पोरं ती, ती कशाला मागं राहतात? धडाधड खुर्च्या सरकल्या. "अभिनंदन!" "अरे, अभिनंदन!" "आधी सांगायचं नाही का?" सगळे सगळ्यांचे हात हलवू लागले. तीन प्रकारे हसणाऱ्या मुलानं वाढदिवसाचं गाणं सुरू केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवत ते वरच्या पट्टीत नेलं. केकवाला म्हणाला, "चला, माझा केक कामाला आला! सुरी कुठं आहे?" हिद्देला दीर्घायुष्य चिंतून झालं, तीन वेळा जयजयकार झाला.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की घरातली तिघं केकला हात लावत नाहीत.

"हिद्दे इथं राहत नाही," डाऊवे म्हणाला. त्याचा आवाज मी ओळखलाच नाही. "त्याचीच खोली आहे ही."

काय सांगू, भिंतीपलीकडं सुरी बशीत ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

"मला माफ करा," वीके म्हणाली. "मी ते... आत वाचलं. मला वाटलं..."

"अगं, वाटलं तर वाटलं!" रूलिन तोडून म्हणाली. "पुढचा प्रश्न कोणाचा आहे?"

थोड्या वेळानं वीके पुन्हा माझ्याकडं आली. कोट घालूनच आली होती. सहाची बस चुकली तर शेवटची बोट गेली असती. ती कडी लावून उभी राहिली आणि माझ्याकडं रागानं पाहिलं. रागावणारच. तिनं पानं धरली, पुन्हा जून करायला. म्हणाली, "जसं होतं तसं ठेवून जाते बाई." ऑगस्ट आला. तिथं सित्स्केचं नाव होतं. तिनं ते वाचलं, बाहेरून सित्स्केच्या चपलांचा आवाज आला तो ऐकला, आणि हात थांबवला.

"नाही," ती म्हणाली. "सप्टेंबर आहे तर सप्टेंबरच." आणि मला परत टिटवीवर ठेवून, बाहेर सगळ्यांना "येते" म्हणून निघून गेली. मला ठाऊक होतं की इथं खोली मिळाली नाही तर तिचं कॉलेज सुटणार. आणि मी हे कोणालाही सांगू शकत नव्हते.

बाकीचे गेल्यावर रूलिननं यादी काढली. "तो केकवाला नीटनेटका आहे. ती स्वच्छतावाली घासूनपुसून बोलते. खेचरवाली बाद, अर्ध्या तासात घरात गोंधळ घातला तिनं. डाऊवे, तुझं मत? डाऊवे!"

डाऊवे माझ्याकडं आला होता. झाकणावर बसला होता आणि लाल शाईकडं पाहत होता. एवढा मोठा गडी, पण खांदे पडले होते. मग त्यानं फोन काढला. बराच वेळ पलीकडं वाजत राहिलं.

"हिद्दे?" तो म्हणाला. "मी आहे... ऊठ रे. साडेसात वाजले."

डाऊवेनं डोळे मिटून घेतले.

"तीन महिने उशीर झाला उठवायला. चुकलं माझं. तुझं वर्ष मी बुडवलं आणि वर तुझ्यावरच ओरडलो. वाढदिवसाच्या शुभेच्छा, गाढवा."

मग फोनमधून आवाज आला, मला शब्द कळले नाहीत. पण ते हसणं मी पस्तीस वर्षं अंधारात टांगलेली असते तरी ओळखलं असतं. दोघं बराच वेळ बोलले. दारावर रूलिनच्या थापा पडत होत्या. "अरे, आत मेलास की काय?" डाऊवे डोळे पुसत बाहेर गेला.

"ती बेटावरची," तो म्हणाला. "माझं मत तिला."

"तिला? अरे, तुलाच तर हिद्देसारखं कोणी तरी हवं होतं."

तेव्हा सित्स्के बोलली. मी तिचं इतकं लांब बोलणं तोपर्यंत ऐकलं नव्हतं. "ऑगस्टमध्ये माझा वाढदिवस होता, रूलिन. तुमच्या कोणाच्या लक्षात आला नाही. मी तुम्हाला दोष देत नाही, मीही हिद्देला फोन केला नाही. आपण तिघं तीन महिने रोज आत जातो आणि जून बघून बाहेर येतो. ती परकी पोर दहा मिनिटं आत गेली आणि तिनं पान उलटलं. आणखी काय जुळायचं असतं?"

मग कागद टराटरा फाडल्याचा आवाज आला. "ऑगस्ट कितवी?" तिनं विचारलं. "सव्वीस? अगं सित्स्के, मी मेली कशी विसरले! यादी, यादी करते आणि..." ती चक्क रडायला लागली.

पाच मिनिटांनी तिघंही माझ्या जागेत. एकासाठी बांधलेली जागा ही, तिथं तिघं कोंबून उभी. सित्स्केच्या हातात शाईचं पेन, डाऊवेच्या हातात फोन. फोन उचलला गेला तेव्हा मागं बसची घरघर ऐकू आली.

"वीके? मी डाऊवे. एक प्रश्न विचारायचा राहिला होता."

"बोल," वीके म्हणाली. आवाज बारीक होता.

"तुझा वाढदिवस कधी असतो?"

बसची घरघर चालूच होती. आमच्या मुलखातल्या माणसाला यापुढं काही समजावून सांगावं लागत नाही. संडासातल्या दिनदर्शिकेवर नाव चढतं ते घरच्याच माणसाचं. पलीकडं ती मोठ्यानं रडायला लागली आणि बसमधलं कोणी तरी "काय झालं बाळ?" असं विचारत होतं.

"तेवीस नोव्हेंबर," ती शेवटी म्हणाली.

सित्स्केनं पान उलटलं. रानबदकं आली. तेवीस तारखेच्या रेघेवर आधीच एक नाव होतं, माझ्यातलं सगळ्यांत जुनं, फिकट पडलेलं: आलिदा.

"जागा नाही की गं," रूलिन म्हणाली.

"सरकून घेतील," सित्स्के म्हणाली, आणि त्याच रेघेवर, आलिदाच्या अगदी अंगाला लागून, बारीक अक्षरात तिनं वीकेचं नाव लिहिलं. शाई ओली होती तोवर तिघांनी फुंकर घातली.

आता या गोष्टीला वर्ष होत आलं. वीकेची खोली माझ्या बरोबर वर आहे. कॉलेज पाच मिनिटांवर, तिचा एकही तास बुडालेला नाही. ती भांडी पाळीच्या दिवशी घासत नाही, रूलिन तिच्यावर ओरडते, ती उलट ओरडते, आणि नंतर दोघी स्वयंपाकघरात बटाटे सोलत हसतात. हिद्दे गेल्या महिन्यात परीक्षेला आला होता, तेव्हा डाऊवेच्या खोलीत झोपला. सकाळी डाऊवेनं खरोखरच बादली आणली होती.

मित्रांनो, माझे कोपरे दुमडले आहेत, बगळ्याचा एक पाय ओलीनं पुसला आहे. मला नवा कागद नको आणि नवा खिळाही नको. कोणाच्या घरी गेलात आणि भिंतीवर माझ्यासारखं कोणी मागच्याच महिन्यात अडकलेलं दिसलं, तर मात्र हात वर करा. पान उलटा. तारखेपुढं कोणाचं नाव आहे ते वाचा, आणि रेघ भरलेली असली तरी शेजारी आणखी एक नाव मावतं हे विसरू नका.

उद्या एक तारीख आहे. सकाळी जिन्यावर वीकेची पावलं वाजतील, आणि ती सगळ्यांची नावं मोठ्यानं वाचेल, जुन्यांचीसुद्धा.